नमुन्याची दुसरी बाटली : आरोग्य विभाग आणि डॉक्टर मंडळींना खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच राज्यातील अस्थिरोगतज्ज्ञ, शल्यविशारद आणि जनरल प्रॅक्टिस करणारे सर्व डॉक्टर यांस,

विषय : मणक्याच्या क्षयरोगाचे उशिरा होणारे निदान आणि बायोप्सीचा नमुना ठेवण्याची पद्धत.

सविनय नमस्कार.

मी माणदेशातील एका तालुक्याच्या गावात राहतो आणि तेथील पतसंस्थेत लेखनिक म्हणून काम करतो. माझी पत्नी ४६ वर्षांची असून गेली २२ वर्षे ती घरी शिवणकाम करते. गावातल्या निम्म्या लग्नांतले ब्लाउज तिच्या हातचे असतात, हे मी अभिमानाने सांगतो. जून २०२३ ते ऑगस्ट २०२५ हे सव्वीस महिने आम्ही तिच्या आजारपणात काढले. या पत्रात मी कोणत्याही डॉक्टरांचे किंवा रुग्णालयाचे नाव घेणार नाही, कारण मला कोणाकडून भरपाई नको आहे आणि कोणाला कोर्टात खेचण्याची इच्छाही नाही. तिचा डावा पाय आज अधू आहे. तिच्या बाबतीत ज्या दोन-तीन गोष्टी चुकल्या, त्या दुसऱ्या कोणाच्या घरात घडू नयेत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. त्यातली एक गोष्ट दुरुस्त करायला सलाईनची एक छोटी बाटली पुरते.

जून २०२३ मध्ये तिची पाठ दुखू लागली. सुरुवातीला आम्ही नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी वेदनाशामक इंजेक्शन दिले. दोन दिवस बरे वाटे आणि तिसऱ्या दिवशी दुखणे परत येई. जो जो डॉक्टर पाही, तो तिचा व्यवसाय विचारी, आणि ‘शिवणकाम’ हा शब्द ऐकला की पुढचे काही विचारण्याची गरज कोणाला वाटत नसे. मशीनवर वाकून बसता, पाठ दुखणारच, मशीन बंद करा, कॅल्शियम घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे काढला, तो ठीक आला, आणि आमची रवानगी फिजिओथेरपीकडे झाली, जिथे पंधरा दिवस ट्रॅक्शन लावले गेले. हाडातले बरेचसे खनिज नाहीसे होईपर्यंत मणक्याचा क्षयरोग साध्या एक्स-रेत दिसतच नाही, हे मला सात महिन्यांनी कळले. ते ज्यांना आधीपासून ठाऊक असायला हवे, त्यांनी मात्र तो एक्स-रे हातात धरून ‘काही नाही’ असे सांगितले.

तिचे म्हणणे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. ‘मशीनचं दुखणं मी ओळखते, वीस वर्षं ओळखते. ते झोपलं की थांबतं. हे झोपेतून उठवतं.’ हे वाक्य तिने माझ्यासमोर किमान चार डॉक्टरांना सांगितले. एकाही केसपेपरवर ते उतरले नाही. ती समोर बसलेली असताना ‘पेशंटला रात्री त्रास होतो का?’ असे मला विचारले जाई आणि मीही उत्तर देत असे. माझी चूक मी इथेच कबूल करतो. डॉक्टर म्हणतात ते खरे असेल असे धरून मीही तिला ‘थोडे दिवस मशीन बंद ठेव, बघू’ असे सांगत राहिलो. घरातल्या माणसानेच जे ऐकले नाही ते परक्याने ऐकावे, हा आग्रह धरताना मला संकोच वाटतो. तरीही धरतो, कारण मी पतसंस्थेची खतावणी लिहितो आणि ते या शास्त्राचे शिक्षण घेऊन बसलेले आहेत.

ऑक्टोबरपासून संध्याकाळी अंग मोडून बारीक ताप येऊ लागला. त्यावर लिव्होफ्लॉक्सॅसिन नावाच्या गोळ्या मिळाल्या आणि चमत्कार व्हावा तसा आठवडाभर ताप गेला, पाठही हलकी झाली. आम्ही देवाला नारळ फोडला. या गटातली औषधे क्षयाच्या जंतूंनाही काही काळ दाबून ठेवतात, त्यामुळे रोग्याला उतार पडल्यासारखे वाटते आणि निदान आणखी लांबते, ही माहिती मला खूप नंतर एका सरकारी कर्मचाऱ्याने दिली. क्षयाचा संशय असलेल्या रुग्णाला ही औषधे सर्रास देऊ नयेत हे डॉक्टरांना ठाऊक असते. प्रश्न असा आहे की संशय कोणाला आलाच नव्हता, कारण खोकला नव्हता. क्षय म्हणजे खोकला, हे समीकरण सामान्य माणसाच्या डोक्यात असले तर समजू शकते.

आता वजनाविषयी. त्या सात महिन्यांत आम्ही एकूण अकरा वेळा दवाखान्याची पायरी चढलो आणि एकदाही तिला काट्यावर उभे केले गेले नाही. तिचे वजन किती उतरले हे तिला काट्याशिवाय समजले, कारण ती मापाची टेप गळ्यात घालून दिवस काढणारी बाई आहे. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ती स्वतःच्याच ब्लाउजची बाजूची शिवण उसवून आत घेताना मला दिसली. डिसेंबरमध्ये तिने तीच शिवण दुसऱ्यांदा आत घेतली. तिने ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली, तेव्हा ‘बारीक झालात तर चांगलेच आहे की, पाठीवरचा भार कमी होईल’ असे उत्तर मिळाले. महिनोन् महिने न थांबणारी पाठदुखी, रात्री वाढणाऱ्या वेदना, संध्याकाळचा ताप आणि उतरत जाणारे वजन या चार गोष्टी एकत्र आल्या तर आपल्या देशात सर्वांत आधी कशाचा विचार करावा, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते. चारही गोष्टी तिच्यापाशी होत्या. त्या एका कागदावर कोणी एकत्र लिहिल्या नाहीत, एवढेच झाले.

डिसेंबरच्या शेवटी चालताना तिच्या डाव्या पायातली चप्पल निसटू लागली आणि ती निसटल्याचे तिला कळेना. तेव्हा कोणाच्या चिठ्ठीची वाट न पाहता आम्ही पुण्याला गेलो आणि एमआरआय करून घेतला. पाठीतले दोन मणके पोखरले गेले होते आणि त्यांच्या शेजारी पू साठून मज्जारज्जूवर दाब येत होता.

ज्या कारणासाठी हे पत्र लिहायला बसलो, ते यापुढे घडले. जानेवारी २०२४ मध्ये शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात सीटी स्कॅनच्या साहाय्याने सुई घालून मणक्यातला तुकडा काढण्यात आला. तो क्षय आहे की कर्करोग की आणखी काही, हे पाहायचे होते. काढलेला सगळा नमुना एका बाटलीत, फॉर्मॅलिनमध्ये टाकला गेला. चार दिवसांनी अहवाल आला : पेशींची रचना क्षयाशी जुळणारी आहे, जंतू शोधण्यासाठी कल्चर (म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे) आणि सीबीनॅट (म्हणजे यंत्रावर जंतू शोधणे) या तपासण्या करून घ्याव्यात. मी तो अहवाल घेऊन प्रयोगशाळेत गेलो आणि त्या तपासण्या कधी होतील असे विचारले, तेव्हा खिडकीपलीकडच्या मुलीने अत्यंत सहजपणे सांगितले, ‘त्या आता होणार नाहीत काका, पूर्ण सॅम्पल फॉर्मॅलिनमध्ये आलंय.’

फॉर्मॅलिनमध्ये पेशींची रचना टिकते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी ते लागतेच. पण त्यात जंतू मरतात आणि मेलेले जंतू कल्चरमध्ये वाढत नाहीत. त्यासाठी नमुन्याचा एक भाग साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये वेगळा ठेवावा लागतो. हे एवढेच आहे. सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत जंतू सापडला का आणि तो रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देते. ही यंत्रे राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत बसवलेली आहेत आणि तपासणी मोफत आहे. हाडाच्या नमुन्यात जंतू थोडे असतात, त्यामुळे यंत्राने ‘नाही’ म्हटले तरी क्षय नाहीच असे होत नाही, हे मी समजू शकतो. पण आमच्या बाबतीत यंत्राला विचारण्याची सोयच उरली नव्हती.

मी विचारत गेलो. शल्यविशारद म्हणाले की नमुना काढणे त्यांचे काम, बाटली भरणे स्टाफचे. स्टाफने सांगितले की त्यांच्याकडे बायोप्सी म्हटली की फॉर्मॅलिनचीच बाटली येते. प्रयोगशाळेचे म्हणणे होते की जे येते ते ते तपासतात. तिघेही खोटे बोलत नव्हते, आणि म्हणूनच मला जास्त हताश वाटले. माझ्या बायकोच्या मणक्यातून सुई घालून काढलेला तो तांदळाएवढा तुकडा कोणाच्याच जबाबदारीचा नव्हता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये क्षयाची औषधे अंदाजाने सुरू झाली. दुसरा इलाज नव्हता आणि ते योग्यही होते. दोन महिन्यांनी पुन्हा एमआरआय केला तर पूचा साठा वाढलेला दिसला. आता गंमत अशी नव्हे, शोकांतिका अशी, की औषध अगदी बरोबर असतानाही सुरुवातीच्या काळात असा साठा वाढलेला दिसू शकतो आणि जंतू औषधाला दाद देत नसतील तरीही तो वाढलेलाच दिसतो. पहिल्या शक्यतेत धीर धरून तीच औषधे चालू ठेवायची असतात आणि दुसरीत तातडीने औषधे बदलायची असतात. कोणती शक्यता खरी हे सांगणारा कागद जानेवारीतच हातात असायला हवा होता. तो नव्हता. म्हणून एप्रिलमध्ये पुन्हा भूल, पुन्हा सुई, पुन्हा आठ दिवस मुक्काम आणि पुन्हा पतसंस्थेतून कर्ज. त्या सकाळी शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर मी एका सिस्टरना हात जोडून सांगितले की ताई, दोन बाटल्या आत न्या, एक सलाईनची. त्यांनी मला वेड्यात काढले नाही. आतून दोन बाटल्या बाहेर आल्या, दुसऱ्या बाटलीवर त्यांनी स्वतः चिकटपट्टी लावून नाव लिहिले आणि मी ती थर्मासच्या डब्यात घालून रिक्षाने सरकारी केंद्रावर पोहोचवली. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर मिळाले : क्षयाचे जंतू आहेत आणि रिफॅम्पिसिन लागू पडते. औषधे बरोबर होती. मी त्या पायऱ्यांवर बसून रडलो. सुटकेचे रडणे होते ते, पण एका दिवसात मिळणाऱ्या या उत्तरासाठी तिला दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागले होते, हेही त्यात होते.

योजनेचे कार्ड, कागदपत्रे आणि बिले यांचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवतो, त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. कागदांबद्दल मात्र एक गोष्ट नोंदवतो. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यासाठी मी पहिल्या रुग्णालयाकडे सर्व नोंदींच्या प्रती आणि बायोप्सीच्या स्लाइड लेखी अर्ज देऊन मागितल्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. आम्हाला त्या एकोणिसाव्या दिवशी मिळाल्या, आणि त्या दिवसांत माझ्याशी सर्वांचे बोलणे असे बदलले की जणू मी चोरी करायला आलो होतो. नवऱ्याने बायकोचा आजार समजून घेण्यासाठी कागद मागणे हा अविश्वास नसतो, एवढे तरी डॉक्टर मंडळींनी मान्य करावे.

याच काळात, २०२४ च्या वसंतात, देशभर क्षयाच्या औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले. आमच्या केंद्रावर महिन्याऐवजी सात-सात दिवसांच्या गोळ्या मिळत होत्या. एक दिवसही चुकवू नका असे सांगणारी भित्तिपत्रके ज्या भिंतीवर लावलेली होती, तिच्याच खाली उभे राहून आम्ही ‘उद्या चौकशी करा’ हे ऐकत होतो. एकदा मी शेजारच्या तीन तालुक्यांत मोटारसायकलवर फिरून गोळ्या गोळा केल्या. साठा कुठे किती आहे हे रुग्णाला फोनवर समजण्याची सोय करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही.

ज्यांचे ऋण मानायचे ते मानले नाही तर हे पत्र अन्यायाचे होईल. क्षयरोग विभागाचे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक, कंत्राटी नोकरीतला तिशीतला मुलगा, निदानाची नोंद झाल्यावर आठवड्याच्या आत आमच्या घरी आला. त्याने आल्या आल्या काय केले असेल, तर पाठीवरच्या पिशवीतून वजनकाटा काढला. एकेचाळीस किलो. सात महिन्यांतल्या अकरा दवाखाना-फेऱ्यांत जे कोणी केले नाही ते त्याने चहा यायच्या आधी केले, आणि गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, म्हणून दर महिन्याला तो वजन लिहून घेत राहिला. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, हे त्यानेच सांगितले. इथॅम्ब्युटॉल या गोळीने क्वचित नजरेवर परिणाम होतो आणि लाल-हिरवा रंग ओळखणे अवघड जाते, तसे वाटले तर त्याच दिवशी कळवा, हेही त्यानेच सांगितले. ज्या बाईचे पोट रंगाला रंग जुळवण्यावर चालते, तिला हे शहरातल्या कोणाही तज्ज्ञाने सांगितले नव्हते. तेव्हापासून ती रोज सकाळी खिडकीत बसून दोऱ्याची लाल रिळे एका बाजूला आणि हिरवी दुसऱ्या बाजूला लावीत असे आणि मला तपासायला लावीत असे. औषधे संपेपर्यंत हा आमचा नेम होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या एका तज्ज्ञांनी ‘सहा महिने झाले, आता बंद करा’ असे सांगितले, तेव्हाही याच मुलाने आम्हाला थांबवले. फुफ्फुसाबाहेरच्या क्षयासाठी देशाची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्येच प्रसिद्ध झाली आहेत आणि हाडांच्या क्षयाला किमान बारा महिने, गरजेप्रमाणे अठरा महिन्यांपर्यंत औषध द्यावे असे त्यांत म्हटले आहे. जिल्ह्याच्या क्षयरोग अधिकाऱ्यांनी कागद पाहून अठरा महिन्यांचा निर्णय घेतला. एका आजाराची मुदत डॉक्टर बदलला की बदलत असेल, तर आमच्यासारख्यांनी कोणाचे ऐकायचे? आम्हाला योगायोगाने योग्य माणूस भेटला. योगायोगावर औषधोपचार चालू नये.

आनंदीबाई जोशी १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या, तेव्हा या रोगावर जगात कुठेच औषध नव्हते. आज औषध आहे, यंत्र आहे, मार्गदर्शक पुस्तिका आहे, घरी येणारा माणूस आहे. आणि तरी माझ्या पत्नीचा पाय गेला तो निदान व्हायच्या आधीच्या सात महिन्यांत, म्हणजे यातले काहीही तिच्यापर्यंत पोहोचायच्या आत.

म्हणून आरोग्य विभागाकडे माझी मागणी अगदी नेमकी आहे. हाड, सांधा, गाठ किंवा पूचा साठा यांतून जो नमुना काढला जाईल आणि ज्यात क्षयाची शक्यता आहे, त्याचा एक भाग सलाईनमध्ये ठेवून सीबीनॅट आणि कल्चरला पाठवणे राज्यातील प्रत्येक सरकारी आणि खाजगी रुग्णालयावर बंधनकारक करणारे परिपत्रक काढा, आणि ती दुसरी बाटली भरली गेली की नाही यावर सही कोणाची, ते त्यात नावानिशी ठरवा. क्षयाच्या रुग्णाची सरकारकडे नोंद करणे खाजगी डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहेच. नोंद करताना नमुन्याची तपासणी झाली का, नसेल तर का नाही, हा एक रकाना भरून घ्या. खाजगी रुग्णालयातून सरकारी केंद्राकडे आणि तिथून परत जाताना रुग्णाबरोबर एकच मराठी उपचारपत्र फिरू द्या, म्हणजे त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला प्लॅस्टिकच्या पिशवीत चाळीस कागद घेऊन प्रत्येक दारात पहिल्यापासून कहाणी सांगावी लागणार नाही.

आणि डॉक्टर मंडळी, आपल्याकडे गर्दी किती असते हे मी बाकावर बसून पाहिले आहे. आपल्याला दोष देऊन मला बरे वाटणार नाही. पण पाठदुखी घेऊन तिसऱ्यांदा येणाऱ्या बाईला व्यवसाय विचारून झाल्यावर ताप येतो का, रात्री जाग येते का, हे तिलाच विचारा आणि तिचे वजन करा. मागच्या वेळेचे वजन शेजारी लिहिलेले असेल तर बाकीचे तो आकडाच सांगेल.

औषधे ऑगस्ट २०२५ मध्ये संपली. ती काठीशिवाय घरात चालते, बाहेर काठी लागते. डाव्या पायाला मशीनचे पायडल मारण्याइतकी ताकद आली नाही, म्हणून मशीनला मोटर बसवून घेतली आहे आणि ती एका वेळी वीस मिनिटे शिवते. हे पत्र पाठवण्याआधी मी तिला पूर्ण वाचून दाखवले आणि तिची परवानगी घेतली. तिने एकच दुरुस्ती सांगितली. ‘अहो, शिवण मी दोनदा नाही, तीनदा आत घेतली होती. पहिल्या वेळी तुमचं लक्ष नव्हतं.’

आपला नम्र,
एका रुग्णाचा पती
माणदेश